खानदेशांतील कंपन्यांची कल्पकता व तिचीं दप्तरें

१८९८ सालीं कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून जुन्या कागदाची किंमत महाराष्ट्रास कळूं लागली. राजवाड्यांचा अंत ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास झाला व लवकरच त्याच गांवीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. अर्थात् खानदेशांतील वाचकास दप्तर, रुमाल, बाड, बारनिशी हे शब्द समजावून सांगण्याची गरज नाहीं. परंतु आम्हां संशोधकांची दृष्टि आजवर देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांवर आणि मठ-संस्थानांच्या माळ्यांवरच बहुधा खिळून राहिली. ज्यांनीं गेल्या दीडशें वर्षांत या प्रांताचें रूप पालटलें तीं जिनें, त्या गिरण्या, ते कारखाने व त्या कंपन्या यांच्या कागदांस मात्र आम्ही अजून कागद म्हणावयास तयार नाहीं. वाण्याची चोपडी जुनी झाली म्हणजे ती साधन ठरते. कंपनीची चोपडी जुनी झाली म्हणजे ती रद्दी ठरते, असा हा न्याय आहे.

प्रस्तुत लेखाचें निमित्त म्हणजे दोन प्रचलित मतें. पहिलें असें कीं, खानदेशानें कापूस, भुईमूग व केळीं तेवढीं पिकविलीं. नवी युक्ति जी जी आली ती मुंबईहून अगर परदेशांतून आली. दुसरें मत याच्या उलट टोंकाचें आहे: येथें जें नवें झालें तें एकेका कर्त्या पुरुषाच्या तेजानें झालें, बाकीची मंडळी निमित्तमात्र. पहिल्या मतानें प्रांतावर अन्याय होतो, दुसऱ्यानें माणसांवर. अमळनेर, जळगांव व शिरपूर या तीन ठिकाणच्या हकीकती पडताळून पाहतां हीं दोन्ही मतें आम्हांस ग्राह्य वाटत नाहींत.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगणें प्राप्त आहे. पांझरेच्या कांठीं, तसेंच बागलाणांत मोसम व आरम या नद्यांवर, फड-पद्धति या नांवानें ओळखली जाणारी पाटबंधाऱ्यांची व्यवस्था कित्येक शतकें चालत आली. नदीवर बंधारा, त्यांतून निघणारा पाट, पाटाखालीं भिजणारी जमीन म्हणजे थळ, आणि थळाचे तीन-चार भाग म्हणजे फड. एका फडांत त्या हंगामापुरतें एकच पीक घ्यावयाचें, आणि पुढील सालीं पिकांची अदलाबदल करावयाची, असा दंडक. पाणी सोडावयास पाटकरी, राखणीस जागल्या, त्यांवर देखरेखीस हवालदार. यांचा मोबदला व बंधाऱ्याची दुरुस्ती हीं लाभ घेणारांनीं आपसांत भागवावयाचीं. कंपनी हा शब्द तेथें कोणीं उच्चारला नसेल, परंतु भांडवल, श्रम, नियम व वांटणी हीं चारही अंगें तींत होतीं. पाण्याची तूट पडली तर ती सर्वांनीं सारखी सोसावी, ही त्यांतली खरी युक्ति; ती शोधून काढणारांच्या बुद्धीची तारीफ करावी तेवढी थोडी.

पण याच व्यवस्थेंत एक मेख आहे. ज्या फडांत जें पीक ठरलें त्या फडांत एखाद्यास निराळें बीं पेरून पाहण्याची मोकळीक नव्हती. एकाचा प्रयोग दहाजणांच्या पाण्याचा हिशेब बिघडवी. म्हणजे जी संस्था जन्मतः अत्यंत कल्पक, तीच स्थिर झाल्यावर आपल्या पोटांत नव्या कल्पनेस जागा ठेवीनाशी झाली. फडास हा दोष देणें योग्य नव्हे. मनुष्यांनीं एकत्र येऊन नियम केले कीं हें होतेंच. ज्या कंपन्यांनीं ही मेख काढून टाकली, त्यांनीं ती कशी काढली, हा आमच्या जिज्ञासेचा विषय आहे.

कापसाच्या धंद्यानें ती काढली नाहीं. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें विलायतेस कापूस मिळेना, तेव्हां खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला. आगगाडीचा रस्ताही त्याच सुमारास झाला आणि जळगांव हें लहानसें गांव पेठ बनलें. मूळजी जेठा यांच्या घराण्यानें तेथें कापडाची गिरणी काढली. जिनें व प्रेस तर इतके निघाले कीं कामापेक्षां यंत्रें अधिक झालीं. मग मालकांनीं ‘पूल’ नांवाचा करार शोधून काढला: कांहीं जिनें चालावयाचीं, बाकीचीं बंद राहावयाचीं, आणि बंद जिनाच्या मालकासही नफ्याचा वांटा मिळावयाचा. खानदेश-वऱ्हाडांत हा प्रकार बोकाळला होता. यंत्र न चालवितां नफा मिळूं लागल्यावर यंत्र सुधारण्याची कोणास हौस येणार? कापसांत पाणी मारणें, हलका माल मिसळणें, यांतच काय ती कल्पकता उरली. शेवटीं १९२५ सालीं जिन व प्रेस कारखान्यांचा कायदा करून सरकारनें गांठीगांठीवर प्रेसचा छाप व अनुक्रमांक घालणें आणि नोंदवह्या ठेवणें सक्तीचें केलें. आम्हां संग्राहकांच्या दृष्टीनें एवढेंच त्यांतून चांगलें निष्पन्न झालें कीं, त्या वह्या निर्माण झाल्या.

आतां अमळनेर. २९ डिसेंबर १९४५ रोजीं ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदली गेली. संस्थापक महंमद हशम प्रेमजी यांचा पूर्वीचा व्यापार तांदुळाचा. भुईमुगाचा मुलूख आणि रेल्वेचें ठिकाण म्हणून त्यांनीं कारखान्यासाठीं अमळनेर निवडलें. हें गांव उद्योगास अगदींच अपरिचित नव्हतें. श्रीमंत प्रताप शेठ यांची कापडगिरणी तेथें होती. त्याच शेठजींच्या आश्रयानें १९१६ सालीं तेथें तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झालें होतें. गिरणीच्या भोंग्याबरोबर वेदान्ताची चर्चा चालणारें असें दुसरें गांव आम्हांस आठवत नाहीं.

कंपनीचा मुख्य माल वनस्पति तूप. यांत नवें असें कांहीं नव्हतें. तेलांत हायड्रोजन वायु मुरवून तें थिजविण्याची कृति जर्मन रसायनज्ञ नॉर्मान यानें १९०२ सालींच शोधली होती आणि ‘डालडा’ या देशांत १९३७ पासून विकला जात होता. अमळनेरकर उशिरां आले. परंतु तेल शुद्ध करतांना कॉस्टिक सोड्यानें त्यांतील आम्लांश काढावा लागतो व तो साबणाच्या खळीच्या रूपानें खालीं बसतो. ही खळी म्हणजे नुकसानीची बाब. ती फेंकून न देतां तिचा कपडे धुण्याचा साबण करून ‘७८७’ या अंकानें विकावयाचा, ही कंपनीची पहिली घरची युक्ति. मोठेपणा मिरविण्याजोगी ती नाहीं, पण पुढील हकीकतींतही आपणांस हेंच दिसेल कीं, या प्रांतांतील कंपन्यांत नवी वस्तु बहुधा टाकाऊ जिनसांतून, बंद पडलेल्या यंत्रांतून किंवा पडीक जागेंतून निघाली आहे.

१९६६ च्या ऑगस्टमध्यें हशम प्रेमजी निवर्तले आणि त्यांचे चिरंजीव अझीम हे अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतील शिक्षण अर्धवट सोडून परत आले. त्यांचें वय तेव्हां एकवीस. भागधारकांच्या सभेंत एका सभासदानें, या पोरानें कंपनी विकून मोकळें व्हावें, असा भर सभेंत सल्ला दिला, ही गोष्ट त्यांनीं स्वतःच पुढें अनेकदां सांगितली आहे. त्यांच्याविषयीं लिहिणारांनीं आणखी एक गोष्ट नोंदविली आहे, ती आम्हांस अधिक मोलाची वाटते. भुईमूग खरेदी करतांना जुने खरेदीदार दाणा हातांत चोळून, दांताखालीं चावून तेलाचा अंदाज बांधीत. नव्या मालकानें ही रीत मोडून तेलाचें प्रमाण मोजण्याची पद्धति सुरू केली. चावून पाहणाऱ्या खरेदीदाराची जाण खोटी नव्हती. परंतु ती त्याच्याबरोबर जाणारी होती. मोजमाप वहींत उतरतें, त्याची तुलना करतां येते, त्यावर वाद घालतां येतो. जेथें तुलना नाहीं तेथें सुधारणा होत नाहीं, आणि इतिहासही लिहितां येत नाहीं.

पुढील मार्ग विलक्षण आहे. १९७५-७६ च्या सुमारास कंपनीनें यंत्रांस लागणारे द्रवचालित सिलिंडर करावयास घेतले. १९७७ सालीं तिचें नांव ‘विप्रो प्रॉडक्ट्स’ झालें व पुढें कांहीं वर्षांनीं नुसतें ‘विप्रो’. आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीनें १९७७-७८ च्या सुमारास भारतांतील कारभार आवरला. ती जागा रिकामी झालेली पाहून तेलगिरणीवाल्यांनीं संगणक करण्याचें मनावर घेतलें. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आश्रयानें थोड्या अभियंत्यांची एक टोळी बसविली आणि १९८० नंतर लौकरच त्यांचा संगणक बाजारांत आला. चंदन व हळद यांचा ‘संतूर’ साबण १९८५ च्या सुमाराचा. म्हणजे संगणकाच्या मागून साबण सुटला नाहीं, दोन्ही एका छत्राखालीं चालले. १९९१ नंतर परदेशी संगणकांस देशाचें दार उघडलें व घरचा संगणक मागें पडूं लागला, तेव्हां तो करणारे अभियंतेच परदेशी कंपन्यांस संशोधनाच्या कामीं मोलानें देण्याची तोड निघाली. यंत्राची बाजू लंगडी पडली तरी यंत्र करणारांची विद्या विकतां आली. खळीपासून साबण करण्याचीच ही वरच्या पायरीवरील आवृत्ति होय, असें आम्ही म्हटलें तर कोणी हंसेल, हंसो बापडे.

ही सर्व एका पुरुषाची उडी होती असें सांगतात. आमचें मत निराळें आहे. मालकानें केलें तें हें कीं, तेलाच्या धंद्यांतील पैसा ज्या धंद्यांत त्याला स्वतःला गति नव्हती त्या धंद्याच्या जाणत्यांस दिला, त्यांस तेलाच्या कचेरीपासून दूर निराळें बसविलें, आणि त्यांच्यावर तेलाचे नियम लादले नाहींत. फडाची मेख येथें निघाली. एका फडांत एकच पीक हा दंडक सोडून दिला, आणि पाणी मात्र एकाच पाटाचें ठेवलें.

अमळनेरकरांनीं याचें मोल काय दिलें आणि काय घेतलें, हेंही लिहिलें पाहिजे. आरंभीं ज्या घरांनीं या कंपनीचे भाग घेतले व विकले नाहींत, त्यांच्याकडे भागावर भाग मिळत जाऊन मोठी संपत्ति झाली. अमळनेरांतील अनेक कुटुंबांची ही गोष्ट आतां सर्वश्रुत आहे. इनामाच्या सनदा वाळवीनें खाल्ल्या, पण हीं भागपत्रें लोकांनीं देवघरांत जपलीं. प्रयोगशाळा मात्र बंगलोरास गेल्या. कारखाना येथें, नफा येथें, परंतु शोध लावणाऱ्या मुलाचें टेबल येथें नाहीं. खानदेशाच्या दृष्टीनें ही हकीकत अर्धीच गोड आहे.

जळगांवची हकीकत या बाबतींत उलट आहे. तेथें टेबल शेतांत मांडलें गेलें. वाकोदचे भवरलाल जैन यांचा जन्म १२ डिसेंबर १९३७ चा. कायद्याची पदवी घेऊन सरकारी अधिकाराची जागा मिळण्याजोगी असतां त्यांनीं ती सोडली आणि १९६३ सालीं घरच्या सात हजार रुपयांवर रॉकेलचा व्यापार आरंभिला. पुढें बीं-बियाणें, खतें, ट्रॅक्टर, नळ, अशा शेतीच्या जिनसांच्या एजन्सी आल्या. येथवर ते चांगले दुकानदार होते, एवढेंच म्हणतां येईल. १९७८ सालीं केळ्याची भुकटी करणारा एक आजारी कारखाना त्यांनीं विकत घेतला. किंमत तीस लाख, आणि ती फारच जास्त होती. केळ्याच्या भुकटीस गिऱ्हाईक नव्हतें. तेव्हां त्याच यंत्रांत फेरफार करून पपईच्या चिकापासून पपेन करण्याचें ठरलें. कच्च्या पपईस उभ्या चिरा पाडल्या म्हणजे पांढरा चीक ठिबकतो. तो वाळवून व शुद्ध करून जें द्रव्य मिळतें तें मद्य नितळ करण्यास, मांस मऊ करण्यास व औषधांत लागतें, आणि त्याचें गिऱ्हाईक परदेशांत होतें. खानदेशच्या शेतकऱ्यानें पपई खाण्यास लावली होती. चीक विकण्यासाठीं लावण्याचें त्यास शिकवावें लागलें. चिरा कोणत्या वेळीं पाडाव्या, किती खोल, चीक किती वेळांत पोंचवावा, हें ज्ञान कारखान्याच्या आवारांत नव्हतें, बांधावर घडत होतें.

१९८० पासून प्लॅस्टिकचे नळ, आणि त्यानंतर कांहीं वर्षांनीं ठिबक सिंचन. ठिबकचा आधुनिक शोध इस्राएलच्या सिमखा ब्लास याचा. तेथील नेटाफिम कंपनी १९६५ सालीं निघाली. यांत वाद नाहीं. परंतु जी वस्तु तेथें विस्तीर्ण सामुदायिक शेतांसाठीं घडली, ती येथें दोन-चार एकरांच्या, विहिरीच्या पाण्यावरच्या, उधारीवर चालणाऱ्या शेतीस बसवावयाची होती. १९८६ च्या अखेरीस नोंदल्या गेलेल्या जैन इरिगेशन या कंपनीनें नळीबरोबर कृषितज्ज्ञही शेतावर धाडला. जळगांवजवळच्या एका उजाड टेंकडीवर, सांप्रत जिला जैन हिल्स म्हणतात, प्रयोगशेत तयार केलें आणि विकावयाची वस्तु आधीं तेथें लावून पाहिली. शेतकरी तेथें येई, हाताळी, शंका काढी. ठिबकवर केळी आली तेव्हां दिसून आलें कीं पाणी सारखें मिळूनही झाडें सारखीं वाढत नाहींत, कारण कंद सारखे नाहींत. त्यांतून उतिसंवर्धित रोपांची निकड उत्पन्न झाली आणि १९९० नंतरच्या दशकांत ‘ग्रँड नैन’ जातीचीं रोपें प्रयोगशाळेंत होऊं लागलीं. पूर्वीं अठरा महिने घेणारें पीक वर्षाच्या आंत-बाहेर हातीं येऊं लागलें. नळापासून ठिबक, ठिबकपासून रोप: एक वस्तु नीट चालली म्हणजे पुढची अडचण उघडी पडते आणि त्या अडचणीच्या पोटीं पुढची वस्तु जन्मते. मुंबईच्या कचेरींत बसून हा क्रम सुचण्याजोगा नव्हता.

चुकाही लिहिल्या पाहिजेत. चरित्रकार त्या पदराआड घेतात. १९९० नंतरच्या दशकांत या कंपनीनें सावकारी, संगणक, ग्रॅनाईट अशा आडवाटा धरल्या व जबर तोटा सोसला. भवरलालांनीं भागधारकांपुढें चूक कबूल केली आणि कंपनी पुन्हां शेतीच्या वाटेस आणली. येथें अमळनेरचें उदाहरण पुढें करून कोणी विचारील कीं, तेलवाल्यास संगणक साधला तर नळवाल्यास सावकारी कां साधूं नये? आम्हांस उत्तर असें दिसतें कीं, अमळनेरच्यांनीं जाणती माणसें आधीं बसविलीं व वर्षानुवर्षें पोसलीं. येथें नफ्याच्या वाऱ्याबरोबर शीड उभारलें गेलें. पुढें २००६ व २००७ सालीं याच कंपनीनें अमेरिकेंतील चॅपिन व इस्राएलमधील नानदान या ठिबकच्या कंपन्यांत मालकी मिळविली, म्हणजे शिष्यानें गुरूच्या घरांत भाग घेतला. परंतु या विस्ताराचें कर्जही वाढलें. २०१९ सालीं हप्ते थकले, आणि २०२३ सालीं परदेशांतील ठिबकचा व्यवसाय रिव्ह्युलिस या कंपनींत विलीन करून तिच्यांत सुमारें बावीस टक्के हिस्सा ठेवावा लागला. भवरलाल २५ फेब्रुवारी २०१६ रोजींच निवर्तले होते.

शिरपूरचें प्रकरण लहान आहे, पण धुळें जिल्ह्याचा मान त्यानें राखला. येथील प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणीनें भूजल सर्वेक्षण यंत्रणेंतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांस आपल्या कामास घेतलें. सूतगिरणीस भूवैज्ञानिकाचें काय काम? तालुक्यांतील विहिरी कोरड्या पडल्या तर कापूस येणार कोठून, एवढा सरळ हिशेब त्यामागें होता. २००४ पासून त्यांनीं नाले रुंद व खोल केले, पाणी न झिरपूं देणारा मातीचा थर फोडून खालच्या थरापर्यंत वाट केली, नाल्यांवर दारें व सांडवा नसलेले सिमेंटचे बंधारे साखळीनें घातले, आणि वाहून जाणारें धरणाचें पाणी कोरड्या विहिरींत सोडलें. तापीकांठचा गाळाचा थर व सातपुड्याकडील काळा दगड यांस निरनिराळी कृति लागते, हें त्यांचें म्हणणें. या खोलीकरणावर भूजलाच्या कांहीं जाणत्यांनीं आक्षेपही घेतले आहेत आणि सर्व महाराष्ट्रास तो नमुना जसाच्या तसा लागू करूं नये, हें त्यांचें म्हणणें आम्हांस पटतें. आमचा मुद्दा एवढाच कीं, सरकारी यंत्रणेंत ज्याच्या कल्पनेस वाव मिळाला नाहीं त्यास एका गिरणीच्या संचालकांनीं पैसा, यंत्रें व नाले दिले. पांझरेवरच्या बंधाऱ्यांच्या प्रांतांतच हें घडलें, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं.

या सर्व हकीकतींत नांवें कोणाचीं उरलीं पाहा: प्रेमजी, जैन, खानापूरकर. खळीचा साबण पहिल्यानें शिजविणारा रसायनी, चिकाची मुदत ठरविणारा शेतकरी, कंद निवडणारा माळी, यांचीं नांवें छापील चरित्रांत येत नाहींत; तीं हजेरीपटांत, भट्टीच्या रोजनिशींत, खरेदीच्या पावत्यांवर आणि प्रयोगशेताच्या टिपणांत असतात. ज्या मतास आम्हीं वर दुसरें म्हटलें, त्याचें खंडन याच कागदांनीं होणार आहे, युक्तिवादानें नव्हे. म्हणून संग्राहकांस आमची प्रत्यक्ष विनंति अशी आहे. अमळनेरांत ज्यांच्या घरीं १९४६ च्या सुमाराचीं भागपत्रें किंवा वार्षिक अहवाल असतील त्यांनीं त्यांच्या प्रती करून द्याव्या. मूळ कागद घरींच राहूं द्यावे. ‘७८७’ साबणाचें वेष्टन, सूर्यफूल छाप तुपाचा डबा, त्यांवरील छापखान्याचें नांव, हीं तुच्छ मानूं नयेत. जळगांव, चोपडें, पाचोरें, धुळें येथील बंद जिनांतून १९२५ नंतरच्या छापांच्या वह्या जेथें आढळतील तेथें त्यांची निदान यादी करावी. पांझरेकांठच्या पाटकऱ्यांच्या घरीं पाळीपत्रकें असतील तर तीं शिरपूरच्या नाल्यांच्या मोजणी-नकाशांशेजारीं ठेवून वाचावीं.

एक सूचना मात्र तांतडीची आहे. मोडी रुमालाची शाई दोनशें वर्षें टिकते. परंतु १९८० नंतरच्या कचेऱ्यांतून जे फॅक्सचे चकचकीत कागद निघाले ते दहा-वीस वर्षांत पांढरे पडतात. ठिबकच्या पहिल्या मागण्या, परदेशी गिऱ्हाइकांचीं पपेनविषयींचीं पत्रें, असे कागद याच जातीचे असण्याचा संभव फार. ते उन्हांत धरूं नयेत, चिकटपट्टी लावूं नये, आणि वाचण्यापूर्वीं त्यांची छायाप्रत घ्यावी.